सासूबाईंच्या दातांच्या तारा

माझ्या सासूबाईंनी एकोणसत्तराव्या वर्षी दातांना तारा बसवून घेतल्या. "दोन वर्षं लागतील," असं सिंगापुरातल्या नोव्हेनाच्या क्लिनिकमधली डेंटिस्ट म्हणाली तेव्हा खुर्चीत आ करून पडल्या होत्या त्या, आणि कळ गेली ती माझ्या डोक्यात. दोन वर्षं! अहो, मी तीन महिन्यांच्या तयारीने बसले होते. तीन महिने कसे, कॅलेंडर उलटलं की संपतात. दोन वर्षांत माणसाची नोकरी बदलते, मुलगी कॉलेजात जाते.

आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती. मी तशी तापटच. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझी आईसुद्धा म्हणायची. आणि सासूबाई शांत. शांत माणसाशी भांडताही येत नाही, ही त्यातली खरी अडचण. लग्नाला सतरा वर्षं झाली, त्यातली चौदा आम्ही सिंगापुरात, आणि दर वर्षी सासू-सासरे तीन महिने यायचे. त्या तीन महिन्यांत माझे डबे जागा बदलायचे. जिरं-मोहरीची मिसळणाची वाटी डावीकडून उजवीकडे जायची. सासूबाई तोंडाने एक अक्षर बोलायच्या नाहीत, नुसतं करून ठेवायच्या. मी ऑफिसातून पाया लेबारहून घामाघूम येऊन चहाला हात घातला, की साखरेच्या डब्यात पोहे.

त्या वर्षी त्या एकट्या आल्या होत्या. सासरे जाऊन वर्षही झालं नव्हतं. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच राहायच्या, आणि माझा नवरा रोज सकाळी फोनवर "आई, जेवलीस का, आई, दार लावलंस का" करत बसायचा. दात दाखवायला तोच घेऊन गेला, मी नुसती सोबत. खालची एक दाढ त्यांनी वीस वर्षांपूर्वी काढून टाकली होती. त्या मोकळ्या जागेत शेजारचे दात कलंडले होते, वरचे पुढे आले होते, घास नीट चावला जात नव्हता. डेंटिस्टने सरळ दोनच वाटा सांगितल्या. एक तर अजून दोन-तीन दात काढून कवळी, नाहीतर आधी तारा लावून कलंडलेले दात उभे करायचे आणि मग रिकाम्या जागी नवा दात.

"कवळी नको," सासूबाई म्हणाल्या. "ह्यांची होती. रोज रात्री मी धुऊन पेल्यात ठेवायचे. माझी कोण धुणार?"

नवऱ्याने तिथेच तारांच्या कागदावर सही केली.

घरी आल्यावर जेवताना नवरा खुशीत होता. "झालं तर मग. दोन वर्षं इथेच. मी लाँग टर्म व्हिसा पासचं बघतो. आणि दोन वर्षंच कशाला आई, आता कायमचीच राहा."

"बघू," त्या म्हणाल्या, आणि क्षणभर माझ्याकडे बघितलं.

मी ताटं गोळा करत होते. मी म्हटलं, "वरण उरलंय, कुणीतरी संपवून टाका." एवढंच. ‘राहा’ हा काही फार मोठा शब्द नाही, पण माझ्या तोंडून तो निघाला नाही. आणि तो निघाला नाही हे टेबलावरच्या प्रत्येकाला कळलं, आमच्या पंधरा वर्षांच्या मुलीलासुद्धा.

*

मुलीच्या तारा आदल्याच वर्षी निघाल्या होत्या, त्यामुळे घरातली तज्ज्ञ तीच. तिने आजीला पुढ्यात बसवून शिकवणी घेतली. पहिल्या दिवशी काही दुखत नाही, तुला वाटेल सोप्पं आहे. दुसऱ्या दिवशी पोळीसुद्धा दगड लागेल. गाल आतून सोलतील, मग हे मेण लावायचं. आठवड्याने जीभ शहाणी होते. "डोन्ट वरी आजी, यू विल लुक सो कूल, लाह!" आजी वहीत टिपून घेत होती. जन्मभर सरकारी कचेरीत काम केलेली बाई. कागदावर आलं की तिचा विश्वास बसतो.

याच स्वभावाचा पुढे फटका बसला. क्लिनिकने काय खाऊ नये याची छापील यादी दिली होती. बर्फ, पॉपकॉर्न, दाणे, कडक पाव, तळलेले पापड. तिसऱ्या महिन्यात पुण्याहून कुणीतरी आलं, त्यांच्याबरोबर चकल्या आल्या. संध्याकाळी बघते तर सासूबाईंच्या हातात रुमाल, आणि रुमालात दाताला चिकटवलेला तो इवलासा धातूचा तुकडा.

"आई, चकली खाल्लीत?"

"यादीत चकली नाहीये," त्या शांतपणे म्हणाल्या.

"अहो, चिनी डेंटिस्टच्या यादीत चकली येईल कशी!"

"मग त्यांनी ‘इत्यादी’ लिहायला हवं होतं."

मी कपाळाला हात लावला. नंतर बेडरूममध्ये जाऊन हसले. त्यांच्यासमोर नाही हसले, एवढी माझी ताठ मान.

पण हे नंतरचं. आधी हळदीचं सांगते, कारण माझं डोकं ठिकाणावर आलं ते तिथे.

तारा बसवताना प्रत्येक दातावर बारीक रबराचं कडं घालतात, तार जागेवर राहावी म्हणून. मुलं लाल, निळी, पोपटी घेतात. सासूबाईंनी बिनरंगी घेतली. "म्हातारपणी थेरं नकोत. दिसायलाच नको कुणाला." ठीक. डेंटिस्टने सांगितलं, पहिला आठवडा मऊ खा, आणि करी टाळा, रंग चढतो. आता मऊ म्हणजे आपल्याकडे काय? मऊ भात, वरण, मुगाची खिचडी. आजाऱ्याचं जेवण. करी कुणी खाल्ली? चौथ्या दिवशी सासूबाई सकाळी हसल्या आणि मी दचकले. सगळी कडी पिवळीधमक. हळदीच्या पोत्यात तोंड घातल्यासारखी.

क्लिनिकमध्ये फोन केला. तिकडून प्रश्न आला, करी खाल्ली का? सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि आपल्या इंग्रजीत ठणकावून सांगितलं, "नो करी. ओन्ली सिक पीपल्स फूड." कडी महिन्यानेच बदलतात, तोवर असंच, असं उत्तर आलं. सासूबाई त्या महिन्यात लिफ्टमध्येसुद्धा ओठ मिटून राहिल्या. शेजारच्या आंटीने "गुड मॉर्निंग" म्हटलं की नुसती मान.

महिन्याने नवी कडी बसली, तीही बिनरंगीच. या खेपेला मी ठरवलं, बस्स, आता हळद बंद. कुणी म्हणायला नको की सुनेने लक्ष दिलं नाही. मी ऑफिसातून लवकर आले, पांढरंशुभ्र वरण केलं, हळद नाही, फोडणी नाही, हिंगाची चिमूट आणि मीठ. पांढरा भात. वर साजूक तूप. ताट वाढून हाक मारली. माझ्या मते मी मोठाच पराक्रम केला होता.

त्या आल्या, ताटाकडे बघितलं. बसल्याच नाहीत. ताट हाताने जरासं लांब सारलं आणि खोलीत निघून गेल्या.

माझं असं टाळकं सरकलं म्हणता! म्हटलं, करा, मरमर करा कुणासाठी तरी. पातेली आपटली, नळ जोरात सोडला, म्हणजे आतपर्यंत ऐकू जावं. नवरा आला, त्याने ताट बघितलं, आणि हळूच म्हणाला, "अगं, बाबा गेले तेव्हा तेरा दिवस असंच वाढलं होतं तिला."

सुतकात आमच्याकडे हळद नाही की फोडणी नाही. तेरा दिवस मी स्वतःच तर रांधत होते ते, कोथरूडच्या त्या ओट्याशी. मी केलेलं मीच विसरले होते. त्या विसरल्या नव्हत्या. दातांच्या कौतुकात मी त्या बाईपुढे सुतकाचं ताट मांडलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत गेले. त्या पलंगावर बसून मोबाइलवर काहीच न बघता बघत होत्या. मला माफी मागता येत नाही, हा माझा जुना रोग. मी म्हटलं, "खिचडी टाकतेय. हळद घालून. कडी पिवळी झाली तर होऊ देत, मसणात गेली ती कडी." मसणात म्हटलं आणि जीभ चावली. पण त्या हसल्या. तोंड भरून, तारांसकट. म्हणाल्या, "चल, मी कांदा चिरते."

पुढच्या खेपेला त्यांनी डेंटिस्टकडे रंगांचा तक्ता मागितला, दहा मिनिटं न्याहाळला, आणि जांभळ्यावर बोट ठेवलं. "यावर हळद दिसायची नाही," म्हणाल्या. मग काय, गौरीला हिरवी, संक्रांतीला काळी. ईस्ट कोस्टच्या महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला तर एक जण म्हणालीसुद्धा, "काकू, साडीला मॅचिंग का?" आणि काकू म्हणाल्या, "हौसेला मोल नाही." घरी आल्यावर मला म्हणाल्या, "बघितलंस तोंड कसं झालं तिचं?" त्यांच्यात इतका खट्याळपणा आहे हे मला सतरा वर्षांत माहीत नव्हतं.

*

तारेचं रोजचं काम किचकट असतं, ते कुणी सांगत नाही. प्रत्येक जेवणानंतर बारीक ब्रशने तारेच्या मागे, दातांच्या फटीत. सासूबाई पर्समध्ये ब्रश, छोटा आरसा, मेणाची डबी घेऊन फिरायच्या आणि हॉकर सेंटरला जेवलो की तिथल्या बेसिनपाशी पाच-पाच मिनिटं उभ्या राहायच्या. मी घाई केली की म्हणायच्या, "तू हो पुढे." मी पुढे व्हायचे नाही. मागे रांग लागली तर लोकांना मीच डोळे वटारायचे.

दर महिन्याला तार आवळायला नोव्हेनाला जायचं. पहिले काही महिने नवरा न्यायचा, मग त्याच्या मीटिंगा वाढल्या आणि ते काम माझ्याकडे आलं. मी कुरकुर केली, अर्ध्या दिवसाची रजा जाते म्हणून. आवळून झालं की त्यांना दोन दिवस काही चावायचं नसायचं, म्हणून आम्ही खाली उतरून टाऊ हुए खायचो. सोयाबीनचं थरथरतं, गोड, कोमट. त्या त्याला सोयाचा खरवस म्हणायच्या. विकणारी आंटी साधारण त्यांच्याच वयाची. तिने पहिल्या दिवशी यांच्या तोंडाकडे बघून जो आ वासला! मग स्वतःचा पडलेला दात दाखवला. दोघींना एकमेकींची भाषा कळत नव्हती, तरी दर महिन्याला दोघी एकमेकींचे दात तपासायच्या. माझी कुरकुर कधी थांबली ते मला आठवत नाही. एकदा नवरा म्हणाला, या वेळी मला वेळ आहे, मी नेतो, तर मी फाडकन म्हटलं, "काही नको, मी रजा टाकलीय." 

एका सकाळी ऑफिसला निघताना बघितलं, चहा घेता घेता त्या एका बाजूने घोट घेत होत्या. विचारलं तर म्हणे काही नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसायची सवय. मी बॅग खाली ठेवली. "आ करा." बघते तर मागच्या तारेचं टोक गालात घुसलं होतं, गाल आतून चिरला होता. तीन दिवस! तीन दिवस गप्प होत्या. मी इतकी ओरडले, की त्यांचे डोळे भरून आले. मग हात धुतले, मेणाची गोळी केली, आणि बोट त्यांच्या तोंडात घालून ते टोक झाकलं. गाल आतून गरम होता, ऊनऊन. सतरा वर्षं सणावाराला मी त्यांच्या पायाला हात लावत आले होते. गालाला कधी लावला नव्हता. मी बोट काढलं तरी दुसरा हात त्यांच्या हनुवटीखालीच राहिला होता, आणि त्याही बाजूला झाल्या नाहीत. मग मी त्या दिवशी उशिरा गेले ऑफिसला.

*

तारा एकवीस महिन्यांनी निघाल्या. चर्रर्र आवाज करत एकेक तुकडा सुटला, मग घासून पुसून झालं, नवा दात आधीच बसला होता. डेंटिस्टने हातात आरसा दिला. सासूबाई बघत राहिल्या. जीभ दातांवरून फिरवली. "कसं बुळबुळीत लागतंय," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ह्यांना ओळखू येईन का गं मी?"

मी म्हटलं, "काय बोलता हो आई!" आणि खिडकीकडे बघितलं, कारण माझंच नाक भरून आलं होतं.

रोज रात्री दातांवर रिटेनरचा साचा घालायचा, नाहीतर दात परत जुन्या जागी जाऊ बघतात, असं डेंटिस्ट सांगत होती. दर सहा महिन्यांनी दाखवायला या. सासूबाई म्हणाल्या, आता पुण्यात दाखवीन. तिकीट काढलंय, शनिवारचं.

तिकीट त्यांनी मुलीकडून काढून घेतलं होतं. नवऱ्याला माहीत होतं. तो दोन दिवस त्यांच्यामागे लागला होता, राहा, राहा, आणि त्या आपल्या बघू, बघू. मला कुणी बोललं नव्हतं. मीही विचारलं नाही. पण बुधवारपासून मी सगळ्यांवर डाफरत होते. मुलीच्या मार्कांवर, वॉशिंग मशीनवर, ऑफिसात एका बिचाऱ्या नव्या मुलीवर. नवरा म्हणाला, "तुला झालंय काय?" मी म्हटलं, "डोंबल माझं!"

शनिवार उजाडला. विमान संध्याकाळचं होतं. सकाळी मी तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या, लोणचं घातलं, डबा भरून ओट्यावर ठेवला. प्रवासाला जाणाऱ्याला डबा द्यायचा, ती आपली रीतच. दुपारी नवरा आणि मुलगी टॅक्सीचं आणि कसलं कसलं बघायला खाली गेले. मी सासूबाईंच्या खोलीत गेले, बॅग भरायला मदत करावी म्हणून. त्या साड्यांच्या घड्या घालत होत्या. मी एक साडी उचलली, बॅगेत ठेवली, परत काढली.

"कशाला जाताय?" मी म्हटलं. म्हटलं कसलं, खेकसले. "कोण आहे तिथे तुमचं? त्या फ्लॅटमध्ये एकट्या बसून भिंतींशी बोलणार? तार गालात घुसली तर तीन दिवस सांगत नाही तुम्ही, उद्या पडलात, झडलात तर कुणाला सांगणार आहात? मला रोज तिकडे लक्ष ठेवता येणार आहे का? एवढी कामं आहेत मला! काही जायचं नाही. राहायचं इथे. राहा ना आई!"

शेवटचं वाक्य ओरडताना फाटलं. मी साडी हातात घेऊन रडत होते, आणि रडताना मी फार वाईट दिसते.

त्या पलंगावर बसल्या. "हळू बोल. शेजारी ऐकतील," म्हणाल्या. मग साडीची किनार बोटाने सरळ करू लागल्या.

"मुलगा म्हणतोच गं राहा. मुलाने म्हणायचंच असतं. पण घर सुनेचं असतं. तिने म्हटल्याशिवाय राहायचं म्हणजे धर्मशाळेत राहिल्यासारखं. दातांचं निमित्त होतं म्हणून मी इतके दिवस राहिले. म्हटलं, तेवढ्यात म्हणेल. नाही म्हणालीस, तर म्हटलं, जाऊ दे."

"मग मला सांगायचं तरी!"

"असं मागून घेतात होय? आणि तू का म्हणत नव्हतीस ते मला कळत होतं. मीही माझ्या सासूला कधी म्हटलं नाही. गावाहून यायच्या त्या, एका पिशवीत कपडे घेऊन. आठ दिवस राहायच्या. आठव्या दिवशी पिशवी भरायला घेताना माझ्याकडे बघायच्या." त्यांनी साडीवरून हात फिरवला. "आणि मी त्यांच्या हातात डबा द्यायचे."

मी उठले, ओट्यावरचा डबा आणला आणि त्यांच्यासमोर पलंगावर उघडला. त्यांनी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. एक पुरी मोडून अर्धी मला दिली. नवरा आणि मुलगी टॅक्सी आली म्हणून सांगायला वर आले, तोवर आम्ही अर्धा डबा संपवला होता.